येलदरीचा गळ मालवणच्या खडपावर: हंगाम, सामान आणि सुटलेल्या माशांचं कारण

परभणीच्या चौघा मित्रांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. येलदरी आणि नाथसागरावर ते वर्षानुवर्षं रोहू, कटला, मरळ धरतात. गेल्या जानेवारीत मालवणला होडी ठरवून समुद्रात गेले. आठ फुटी रॉड, ४००० साइझचं रील आणि ०.३५ मिलिमीटरची मोनो (एकपदरी नायलॉन) लाइन हे धरणावरचंच सामान सोबत होतं. सकाळी नऊला निघाले. दोन मोठे मासे लागले. एकाने लाइन तोडली, दुसरा खालच्या कातळात शिरला तो शिरलाच. बारानंतर समुद्र उसळला, दोघांना उलट्या सुरू झाल्या आणि होडी परत फिरवावी लागली. आता दिवाळीनंतर पुन्हा जायचं आहे. केव्हा जावं, काय न्यावं आणि मागच्या वेळी चुकलं कुठे?

चुकलं कुठे हे आधी बघू, कारण सामानाची यादी त्यावरच ठरते. मासा सुटला की लाइनचं तुटलेलं टोक फेकून देऊ नका. ते उजेडात धरा, नखाने चाचपून बघा. टोक वस्तऱ्याने कापल्यासारखं साफ असेल तर दात लागले. म्हणजे सुरमई किंवा बॅराकुडा होता. टोकाच्या वर वीत-दीड वीत लाइन पांढुरकी, खरखरीत झाली असेल तर ती कातळावर घासली. आणि टोकाला डुकराच्या शेपटीसारखे बारीक वळसे पडले असतील तर दात नाहीत की कातळ नाही, गाठ सरकली. तिन्हींवर उपाय वेगळे आहेत. पहिल्यावर तार, दुसऱ्यावर जाड लीडर (मुख्य लाइन आणि गळ यांच्यामधला धागा) आणि घट्ट ड्रॅग (लाइन किती ओढीला सुटेल ते ठरवणारा रीलचा ब्रेक), तिसऱ्यावर नीट गाठ. हे न बघता नुसती जाड लाइन आणून काही साधत नाही.

तुमचा पहिला मासा बहुधा सुरमई असावा आणि दुसरा नक्कीच खडपावरचा, म्हणजे हेकरू किंवा तांबोशी. खडप म्हणजे पाण्याखालचा कातळ. त्याच्या कपारी हे माशांचं घर. धरणातला कटला लागला की तो उघड्या पाण्यात धावतो. आपण ड्रॅग सैल ठेवतो, त्याला पळू देतो, दमवतो आणि वीस मिनिटांनी काठाला आणतो. हातात मुरलेली ही सवय खडपावर घात करते. हेकरू लांब पळतच नाही. आमिष तोंडात घेतलं की तो जागच्या जागी वळतो आणि दोन-तीन मीटरवरच्या कपारीत घुसतो, तेही आपण काय झालं हे कळून घ्यायच्या आत. आत गेल्यावर कल्ले फुगवून बसला की कुणाच्या बापाला निघत नाही. त्यामुळे इथे सगळा खेळ पहिल्या चार-पाच सेकंदांत संपतो. सुरमईचं नेमकं उलट: तिला पळू द्यावं लागतं, आवळली तर गळ फाटून निघतो. म्हणून समुद्रावर निघायच्या आधी ‘आज कोणता मासा’ हे ठरवावं लागतं, आणि ते महिना व पाणी ठरवतात.

हंगामाचं बोलू. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. ऑगस्टमध्ये बंदी उठली तरी समुद्र खवळलेला आणि पाणी गढूळ असतं. नद्यांचं गोडं पाणी अजून येत असतं. त्या दिवसांत बाहेर जाण्यापेक्षा खाडी बरी, जिताडा आणि तांबोशी तिथेच असतात. सप्टेंबर सरता सरता समुद्र बसू लागतो, पाणी निवळतं, तारली-पेडव्यांचे आणि बांगड्याचे थवे किनाऱ्याजवळ येतात आणि त्यांच्यामागे सुरमई येते. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा बाहेरून येणाऱ्या माणसासाठी वर्षातला सगळ्यात चांगला काळ. डिसेंबर ते फेब्रुवारी पाणी स्वच्छ असतं, सकाळ शांत असते आणि तळाची मासेमारी छान होते. पण स्वच्छ पाण्यात माशाला लीडर दिसतो, म्हणून त्या महिन्यांत तो थोडा बारीक घ्यावा लागतो आणि उजाडतानाचा तास सोडून चालत नाही. मार्च ते मेच्या मध्यापर्यंत पुन्हा वरच्या थरातले मासे मिळतात: सुरमई, कोकर, टोळ. मात्र ऊन मरणाचं, आणि दुपारचा वारा रोज चढता. २० मेच्या पुढे पावसाळ्याआधीची लाट लांबून यायला लागते. आकाश निरभ्र दिसलं तरी थांबलेलं बरं.

एक धोका मात्र याच चांगल्या काळात असतो. अरबी समुद्रातली चक्रीवादळं मॉन्सूनच्या आधी आणि मॉन्सूननंतर येतात. फयान नोव्हेंबर २००९ मध्ये आलं, तौक्ते मे २०२१ मध्ये. म्हणून निघायच्या आधी तीन दिवस रोज हवामान विभागाचा मच्छीमारांसाठीचा इशारा आणि हैदराबादच्या ‘इन्कॉइस’चा लाटांचा अंदाज बघा. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला असेल तर होडी ठरवलेली असली, पैसे दिलेले असले तरी किनाऱ्यावर राहायचं. यात तडजोड नाही.

आता जानेवारीत दुपारी समुद्र का उसळला ते. शाळेच्या भूगोलातले मतलई वारे आणि खारे वारे आठवा. रात्री जमीन लवकर थंड होते, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, हलका असतो आणि किनाऱ्याजवळ लाट उठू देत नाही. दहा-अकराच्या सुमारास तो पडतो, पाणी आरशासारखं होतं आणि मग वायव्येकडून खारा वारा सुरू होतो, तो तीन-चारपर्यंत वाढतच जातो. लहान होडीला या वाऱ्यात परतताना लाट आडवी लागते आणि होडी डोलते. पोटात ढवळतं ते त्यामुळेच. नऊला निघून तुम्ही शांत तास किनाऱ्यावर घालवले आणि वाऱ्याचे तास पाण्यात. साडेपाचला होडीत बसा, बाराच्या आत परत या.

भरती-ओहोटीचं गणित मराठवाड्यातल्या माणसाला नवं असतं, पण त्यासाठी घरातलं पंचांग पुरतं. तिथीला पाऊणने गुणलं की मुंबईकडच्या पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. त्यात सहा तास मिळवले की पूर्ण ओहोटी. मालवण-वेंगुर्ल्याकडे हे सगळं साधारण पाऊण ते एक तास आधी होतं. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाण्याला ओढ जोराची. अष्टमीनंतरच्या दोन-तीन दिवसांत भांग, पाणी मंद. तळाच्या मासेमारीला उधाण नको, कारण दीडशे ग्रॅमचं शिसंसुद्धा तळाशी टिकत नाही, होडी खडपावरून भराभर वाहून जाते. तुम्हाला दिवाळीची सुट्टी आहे म्हणून पाडवा-भाऊबीज धरून जाल तर नेमके उधाणात सापडाल. त्याऐवजी कार्तिक शुद्ध नवमी ते एकादशी घ्या. एकादशीचा हिशेब बघा: ११ चे पाऊणपट सव्वाआठ; मालवणला तासभर आधी म्हणजे सव्वासातच्या आसपास भरती पूर्ण होते. पाणी मंद, वारा मतलई, ऊन कोवळं, आणि पाणी वळायच्या आधीचा व नंतरचा एकेक तास, ज्यात मासा सगळ्यात जास्त खातो, नेमका सकाळी सहा ते साडेआठ. यापेक्षा चांगला मुहूर्त शोधून सापडणार नाही. हे गणित अर्ध्या-पाऊण तासाने चुकू शकतं, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी भरतीचं छापील कोष्टक किंवा मोबाइलवरचं बघून घ्या.

जागेबद्दल. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालचा भाग मालवण सागरी अभयारण्यात येतो. १९८७ मध्ये ते जाहीर झालं आणि क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर आहे. तिथे गरी टाकायचा विचारच सोडा. हद्द कुठे संपते हे तांडेलाला, म्हणजे होडी चालवणाऱ्याला, आधीच स्पष्ट विचारा. प्रवाळ वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, त्यामुळे अभयारण्याबाहेरही प्रवाळावर नांगर टाकू नये. वाळूवर नांगर टाकायचा आणि खोलीच्या तिप्पट ते पाचपट दोर सोडून होडी खडपाच्या कडेला आणायची. चांगला तांडेल हेच करतो. आंग्रिया बँकेबद्दल नव्या माणसाला कुतूहल असतं, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं ते बुडालेलं पठार आहे आणि तिथे प्रवाळही आहे. पण ते किनाऱ्यापासून शंभर किलोमीटरच्या वर. ताशी पंधरा किलोमीटरने जाणाऱ्या होडीला एका बाजूचे सात तास. पहिल्या-दुसऱ्या खेपेला तिकडे बघायचंही कारण नाही. किनाऱ्यालगतच्या दहा-पंधरा वाव पाण्यातल्या खडपांवर तुम्हाला हवं ते सगळं आहे. कोकणात खोली वावात सांगतात. एक वाव म्हणजे सहा फूट.

सामान. तुमचं ४००० चं रील आणि आठ फुटी रॉड खाडीत कोळंबीच्या आमिषाने तांबोशीला चालेल, खडपावर नको. आठ फुटी रॉड होडीत लांब पडतो आणि तळातून मासा उचलताना त्याची लांबी तुमच्याच विरुद्ध जाते. खडपासाठी साडेपाच ते साडेसहा फुटांचा जिगिंग रॉड, ८००० साइझचं रील आणि ५० पौंडी ब्रेड (अनेक पदरांची विणलेली) लाइन किमान ३०० मीटर. मोनो मुख्य लाइन म्हणून का नको तर ती ताणते, भार आला की पाचवा हिस्सा सहज. तीस मीटर लाइन बाहेर असेल तर मासा पाच-सहा मीटर सरकेपर्यंत गळाला जोरच पोहोचत नाही, आणि त्याची कपार तर तीन मीटरवर. ब्रेड ताणत नाही. शिवाय तुमच्या ०.३५ च्या मोनोइतक्याच जाडीत २२ किलोच्या आसपास ताकद मिळते. ब्रेड भरताना स्पूलवर आधी दहा मीटर मोनो गुंडाळा, नाहीतर अख्खी लाइन स्पूलवरच घसरते आणि ड्रॅग बिघडला असं वाटत राहतं. ताणलेली ब्रेड हाताला गुंडाळून कधी ओढू नका, बोट कापतं. हातमोजे घाला.

ब्रेडला कातळ आणि दात दोन्ही सोसत नाहीत, म्हणून पुढे लीडर. खडपासाठी ६० ते ८० पौंडी मोनो किंवा फ्लुरोकार्बन, दोन ते तीन मीटर. सुरमईसाठी ३० पौंडी ब्रेड, ४० पौंडी फ्लुरोकार्बन दीड मीटर आणि शेवटी १५ ते २० सेंटिमीटर एकपदरी स्टीलची तार. तार याहून लांब केली तर आमिषाची चाल बिघडते आणि स्वच्छ पाण्यात मासा टाळतो. तारेचं टोक पक्कडने कापू नका. पीळ देऊन झाल्यावर टोक आडवं वाकवून हँडलसारखं फिरवलं की ते मुळातून तुटतं. कापलेलं टोक सुरीसारखं राहतं आणि पहिल्याच माशाला हात लावताना तळवा फाडतं.

ब्रेड आणि लीडर जोडायला एफजी गाठ. ही गाठ घरी बसून हातात बसवायची असते. डोलत्या होडीत पहिल्यांदा बांधायला गेलात तर सकाळ जाते. ब्रेड ताणून धरा, एक टोक दाताखाली आणि दुसरं रॉडच्या बाजूला. लीडर ब्रेडवर एकदा वरून, एकदा खालून असा आळीपाळीने फिरवा. वीस वेढे पडले पाहिजेत आणि प्रत्येक वेढा आधीच्याला चिकटून, एकावर एक न चढता. मग ब्रेडच्या सुट्या टोकाने दोन्हींभोवती एक अर्धी गाठ, आणि इथेच बहुतेकांचं चुकतं: सगळं थुंकीने ओलं करून, हातमोजे घालून, ब्रेड आणि लीडर दोन्ही बाजूंनी सावकाश पण पूर्ण जोर लावून ओढायचं. वेढे लीडरमध्ये रुतले की ब्रेडचा रंग गडद होतो, चमक जाते आणि नखाने ढकललं तरी गाठ हलत नाही. रंग बदलला नाही तर गाठ बसलेली नाही, आणि ती माशाच्या पहिल्या झटक्याला सरकणार. मग चार-पाच अर्ध्या गाठी, लीडरचं टोक दोन मिलिमीटर ठेवून काप, पुन्हा ब्रेडवर तीन अर्ध्या गाठी. वीस वेळा बांधल्यावर ती दोन मिनिटांत होते. बांधलेली गाठ दाराच्या कडीला अडकवून अंगाचा भार टाकून बघा.

ड्रॅगचं माप अंदाजाने ठरवू नका. बाजारात मिळणारा स्प्रिंगचा काटा बाभळीला किंवा खांबाला बांधा, लाइन त्याला अडकवा, रॉड नेहमीच्या कोनात धरून मागे सरका आणि लाइन सुटायला लागते तेव्हा काटा वाचा. ५० पौंडी ब्रेडवर खडपासाठी ७ ते ८ किलो, ३० पौंडीवर सुरमईसाठी अडीच ते तीन. सात-आठ किलो ऐकायला कमी वाटतात. काट्यावर प्रत्यक्ष ओढून बघा, कंबर जाणवते. धरणावर तुम्ही आजवर एक-दीड किलोवर मासे काढत आलात, हे त्या दिवशी कळेल.

तळाच्या मासेमारीची मांडणी सोपी आहे. लीडरच्या खालच्या टोकाला शिसं, १०० ते २०० ग्रॅम. त्याच्या वर अर्ध्या मीटरवर एक आणि त्याहून मीटरभर वर दुसरा, असे दोन आडवे फाटे, प्रत्येकी ३० सेंटिमीटर, त्यांना ५/० ते ७/० मापाचे सर्कल हुक (टोक आत वळलेले गळ). शिसं मात्र थेट लीडरला बांधू नका. दहा-पंधरा पौंडी साध्या मोनोचा वीतभर तुकडा मध्ये ठेवा. शिसं कपारीत अडकलं की तेवढा तुकडा तुटतो, बाकी सगळं, आणि लागलेला मासाही, वर येतो. आमिष ताज्या माकुलाची (स्क्विडची) लांब पट्टी किंवा बांगड्याचा तुकडा. पट्टी एका टोकाला एकदाच टोचायची, गळाचं तोंड उघडं राहिलं पाहिजे. कणकेच्या गोळ्यासारखा गळ आमिषात लपवला तर सर्कल हुक काम करत नाही. आदल्या दिवशी बाजारातून घेतलेलं बर्फातलं ताजं आमिष चालतं. वितळवून पुन्हा गोठवलेलं माकूल गळावर राहत नाही.

शिसं तळाला टेकल्याचं कळताच रीलचे दोन वेढे घेऊन ते मीटरभर उचला. आता रॉडला झटका जाणवला की धरणावरचा हात आपोआप वर जाईल. तो थांबवा. सर्कल हुकवर झटका मारला की गळ तोंडातून सरळ बाहेर येतो. त्याची रचनाच अशी की मासा वळला आणि लाइन ताणली गेली की तो जबड्याच्या कोपऱ्यात स्वतः फिरून बसतो. म्हणून रॉड खाली ठेवून नुसतं रील फिरवायचं, जोरात, न थांबता, रॉड पूर्ण वाकेपर्यंत. मग पहिले पाच मीटर काहीही करून मिळवायचे. रॉड आडव्यापासून ४५ अंशांच्या वर नेऊ नका. उभा धरलेला रॉड टोकाकडून मोडतो. तांडेलाला आधीच सांगून ठेवा की मासा लागला तर नांगरावर नसताना होडी हळू पुढे घेऊन त्याला कातळापासून दूर ओढायचं. एवढं करूनही कपारीत गेलाच तर ओढत बसू नका. रीलची बेल (लाइन अडवणारी तारेची कमान) उघडून लाइन पूर्ण सैल करा, दोन-तीन मिनिटं थांबा. ओढ संपली की कित्येकदा मासा स्वतःच बाहेर सरकतो. लाइन हलताना दिसली की एकदम आवळा.

जिगिंग म्हणजे आमिषाऐवजी धातूची मासोळी खालीवर नाचवणं. दहा-पंधरा वावांसाठी ८० ते १२० ग्रॅम पुरे. लाइन उभी खाली गेली पाहिजे. ती ४५ अंशांहून जास्त तिरपी जात असेल तर जड जिग लावा. जिग तळाला टेकला की लगेच उचला, नाहीतर तो कातळात गेला. उचल, रीलचा अर्धा वेढा, सोड, हीच लय दहा मीटरपर्यंत, मग पुन्हा खाली. बहुतेक वेळा मासा जिग पडत असताना घेतो, म्हणून सोडताना लाइन सैल पडू देऊ नका. गळ वरच्या कडीला लावलेला असिस्ट हुक असावा, खालचा तिहेरी गळ काढून टाका, तो फक्त कातळ पकडतो. सराव घरी करता येतो: वावरातल्या खोल विहिरीत गळ न लावलेला जिग सोडून ही लय दंडात बसवा. तासभर करून बघितलं की समुद्रावर किती वेळ हात चालणार आहे ते समजतं.

सुरमईसाठी ट्रोलिंग, म्हणजे चालत्या होडीमागे खोल जाणारा कृत्रिम मासा ओढणं. १४ ते १८ सेंटिमीटरचा, ताशी ८ ते ११ किलोमीटर वेगाने. मोबाइलच्या जीपीएसवर वेग दिसतो. एक लाइन ३० मीटर मागे, दुसरी ४५, म्हणजे वळताना गुंतत नाहीत. पाण्यावर पक्षी कोसळताना दिसले की थव्याच्या मधून जाऊ नका, कडेने वळसा घ्या. मधून गेलात की थवा खाली जातो. सुरमई लागली की पहिली धाव साठ-सत्तर मीटरची असते, ती होऊ द्या. इंजिन एकदम बंद करायचं नाही, लाइन सैल पडते. आणि रॉड वर-खाली पंप करू नका, प्रत्येक वेळी रॉड खाली येताना क्षणभर सैल पडतं आणि तिहेरी गळ निसटतो. होडीजवळ आल्यावर ती पुन्हा एकदा धावतेच. बहुतेक सुरमया इथेच सुटतात, कारण सगळे ओरडत एका बाजूला येतात आणि कुणीतरी ड्रॅग आवळतो. ड्रॅगला हात लावू नका, एकट्यानेच हूक (मासा होडीत ओढून घ्यायचा दांड्याचा आकडा) मारावा.

ठेवायचं काय, सोडायचं काय? महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ प्रजातींसाठी किमान आकार ठरवून दिला, त्यात सुरमईला ३७० मिलिमीटर आहे. होडीच्या कडेला खूण करून ठेवा. हेकरूबद्दल मात्र कळकळीने सांगतो: हेकरू मादी म्हणून वाढतो आणि मोठा झाल्यावर त्यातले काही नर होतात. एका खडपावरचे मोठे मासे उचलले की तिथले नरच संपतात आणि ते खडप वर्षानुवर्षं ओस पडतं. दोन मध्यम घ्या, मोठा सोडा. पण खोलातून आणलेला मासा नुसता पाण्यात टाकला तर बुडत नाही. आतली हवेची पिशवी फुगते आणि पोट तोंडातून बाहेर येतं. तो फुगा टोचायचा नाही, ते जठर असतं. किलोभर शिशाला काटा मोडलेला गळ उलटा बांधा, तो माशाच्या ओठाच्या पातळ कातडीत अडकवा आणि लाइनने दहा-बारा मीटर खाली सोडून एक हिसका द्या. दाबाने पिशवी आकसते आणि मासा पोहत निघून जातो. दोन मिनिटांचं काम आहे.

शिंगाळ्याचे काटे विषारी असतात. टोचला तर सोसेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंश, अर्धा ते दीड तास हात बुडवून ठेवा. हे विष उष्णतेने निकामी होतं. मग दवाखाना. केंड (अंग फुगवणारा मासा) लागला तर हातमोजे घालून सोडून द्या, त्याचं विष शिजवूनही जात नाही.

होडीवर लाइफ जॅकेट अंगावर, बाकाखाली नाही. आधार कार्ड सोबत ठेवा, सागरी पोलीस तपासतात. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३, दोन्ही मोबाइलमध्ये आधीच भरा. होडी ठरवताना निघण्याची वेळ, परतीची वेळ, मासा कुणाचा आणि आमिष कोण आणणार हे बोलून घ्या. तांडेलाला ‘मोठा मासा दाखवा’ असं म्हणू नका. या आठवड्यात पाणी कुठे निवळलंय आणि बांगडा कुठे लागतोय हे विचारा. त्याच्या उत्तरावर दिवस आखायचा.

उलट्यांचं कारण निम्मं वाऱ्यात आणि निम्मं प्रवासात होतं. परभणीहून लातूर, सोलापूर, कोल्हापूर, मग घाट उतरून मालवण: रात्रभर जागून हा रस्ता करायचा आणि तसंच होडीत बसायचं, यात धडधाकट माणूसही आडवा होतो. एक मुक्काम आधी करा. मळमळीची गोळी डॉक्टरांना विचारून निघण्याआधी तासभर घ्या, होडीत त्रास सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही. रिकाम्या पोटी जाऊ नका. ज्वारीची भाकरी आणि कोरडी शेंगदाण्याची चटणी उत्तम, तळलेलं नको. गाठी बांधण्यासारखं खाली बघून करायचं काम बंदरातच उरका, आणि नजर क्षितिजावर ठेवा.

मासा घरी न्यायचा असेल तर त्याची तयारी होडीतच सुरू होते. सुरमई, कुपा, बांगडा उन्हात पडले की त्यात हिस्टामिन तयार होतं, ते शिजवून जात नाही आणि खाल्लं की अंगावर पित्त उठतं. मासा आला की कल्ल्याखालची शीर कापून रक्त काढा, मग दोन भाग बर्फ आणि एक भाग समुद्राचं पाणी असलेल्या पेटीत बुडवा. किनाऱ्यावर आतडी-कल्ले काढून मासा प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करा, खाली बर्फ, वर बर्फ, किलोला किमान किलोभर. परभणीपर्यंतच्या प्रवासात सोलापूरला पेटीतलं पाणी सोडून बर्फ पुन्हा भरा.

चौघांसाठी चार पूर्ण संच घ्यायची गरज नाही. दोन खडपाचे, एक ट्रोलिंगचा, आणि चौथा माणूस गळ बांधणं, आमिष लावणं आणि हूक मारणं यासाठी मोकळा; दर तासाला अदलाबदल करा. शिसं मात्र हातचं राखून न्या, चौघांना एका सकाळी वीस-पंचवीस लागतात. गळ टिनचा मुलामा असलेलेच घ्या, धरणावरचे काळे गळ एका दिवसात गंजतात. परतल्यावर त्याच रात्री रील धुवायचं: ड्रॅग पूर्ण आवळून, गोड्या पाण्याची हलकी धार, जोराचा फवारा नाही, कारण तो मीठ आत ढकलतो. पुसून सावलीत सुकवा, मग ड्रॅग पूर्ण सैल करा आणि हँडलच्या व बेलच्या सांध्याला थेंबभर तेल द्या. रॉडच्या कड्या कापसाने पुसा. कापसाचा धागा जिथे अडकेल ती कडी चिरलेली आहे, पुढच्या खेपेच्या आत बदलून घ्या.